गुलाबी न्हाणीघर

विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेतील न्हाणीघर पांढरेशुभ्र असे. रोगजंतूंच्या धास्तीने घरात शिरलेला तो इस्पितळाचा रंग. पुढे रंग अधूनमधून डोकावला. पण मंदी आणि महायुद्ध ओसरल्यावरच मध्यमवर्गाने जेमतेम ५ × ८ फुटांच्या त्या खोलीत मनमोकळी हौस केली. १९५३ मध्ये आयझेनहॉवर राष्ट्राध्यक्ष झाले, आणि पत्नी मेमी यांचा आवडता गुलाबी घरोघरी पोहोचला. गेटिसबर्ग येथील, आता स्मारक झालेल्या त्यांच्या घरातील न्हाणीघरही गुलाबीच आहे.

सव्वाचार इंची चौकोनी टाइल, काळी किनार, क्रोमच्या सडपातळ पायांवरचे बेसिन. शतकमध्याच्या त्या आधुनिक शैलीचा थाट एवढाच. काळी किनार कुणाला भडक वाटेल. वस्तुतः तीच गुलाबीचा गोडवा आवरते.

आज ही शैली पुन्हा हवीशी झाली आहे. विपरीत असे, की नव्या सजावटीच्या उत्साहात जुन्या अस्सल भिंतीच फोडल्या जातात. जाड सिमेंटच्या थरात रुतलेल्या त्या टाइल अखंड निघत नाहीत, आणि नेमकी तीच छटा बाजारात सहसा गवसत नाही. खरे तर सांधे खरवडून नव्याने भरले, मळलेले क्रोम घासले, की सत्तर वर्षांची भिंत पुन्हा ओल्या उजेडात चमकू लागते.