जयपूरचें यंत्रालय

जयपुरास जाणारा मराठी यात्रेकरू हवामहाल पाहतो, आंबेरचा किल्ला चढतो आणि बाजारांतून संगमरवरी मूर्ति घेऊन परततो. राजवाड्यालगतच्या यंत्रालयांत, ज्यास लोक 'जंतरमंतर' म्हणतात, तो फार तर अर्धी घटका घालवितो. वस्तुतः ह्या नगरांत मनन करण्याजोगें स्थळ तेंच होय.

सवाई जयसिंह (१६८८–१७४३) हा मोंगल दरबारांतील मोठा मुत्सद्दी. मराठ्यांशीं तो लढलाही आणि त्यानें सख्यही जोडलें. १७३५ सालीं बाजीरावांच्या मातोश्री राधाबाई काशीयात्रेस निघाल्या, तेव्हां जयपुरास त्यानें त्यांचा मोठा सन्मान केला. अशा धामधुमींत त्यानें १७२७ सालीं हें नगर वसविलें आणि दिल्ली, जयपूर, मथुरा, काशी व उज्जयिनी येथें वेधशाळा उभारल्या. त्यांपैकीं मथुरेची आतां नामशेष झाली आहे.

हा खटाटोप कशासाठीं? प्रचलित सारण्यांवरून काढलेलीं ग्रहस्थानें आकाशाशीं जुळत नव्हतीं. तिथि, ग्रहण, मुहूर्त हीं सर्व ज्या गणितावर अवलंबून, तेंच चुकत असेल तर धर्मकृत्यांस आधार कोणता? प्रथम त्यानें समरकंदच्या धर्तीचीं पितळी यंत्रें करविलीं. परंतु त्यांचे आंस झिजत व मध्य ढळत. म्हणून त्यानें दगडचुन्याच्या प्रचंड यंत्रांची योजना केली.

येथील सम्राटयंत्र सुमारें ९० फूट उंच आहे. त्याच्या त्रिकोणी भिंतीची तिरपी कड जयपूरच्या अक्षांशाइतकी, म्हणजे २७ अंशांनीं, कललेली असून ध्रुवाकडे रोखलेली आहे. दोहों बाजूंच्या कंसांवर तिची छाया मिनिटास अडीच इंचांहून अधिक सरकते. पृथ्वीचें जें भ्रमण पुस्तकांत वाचावयाचें, तें येथें प्रत्यक्ष पाहावयास मिळतें. कंसावर दोन सेकंदांपर्यंत खुणा आहेत. तथापि सूर्य हा बिंदु नव्हे; त्याचें बिंब सुमारें अर्ध्या अंशाचें. म्हणून छायेची कड पुसट पडते, आणि यंत्र जितकें मोठें तितकी ती पुसट पट्टीही रुंद होते. केवळ आकारानें सूक्ष्मता साधत नाहीं, हाही धडा येथेंच मिळतो.

ह्या कार्यांत राजाचा उजवा हात जगन्नाथ सम्राट हा महाराष्ट्रीय ब्राह्मण होता. राजाज्ञेनें तो अरबी व फारसी शिकला. युक्लिडची भूमिति त्यानें अरबीवरून 'रेखागणित' ह्या नांवानें संस्कृतांत आणिली. टॉलेमीच्या ग्रंथावरून 'सिद्धान्तसम्राट' रचिला. वेदाध्ययन केलेल्या शास्त्र्यानें यवनांची विद्या शिकण्यांत कमीपणा मानिला नाहीं. पुढें जयसिंहानें पाद्री फिगेरेदो ह्यांस पोर्तुगालास धाडून फ्रेंच ज्योतिषी ला हीर ह्याच्या सारण्या मिळविल्या. त्या वेधांशीं ताडून पाहतां चंद्राच्या स्थानांत सुमारें अर्ध्या अंशाचा फरक आढळला. परकी म्हणून टाकावें, अथवा युरोपची म्हणून डोळे मिटून घ्यावें, असें त्यानें केलें नाहीं. न्यायाधीश एकच: आकाश.

परंतु १७४३ सालीं राजा निवर्तला आणि हें कार्य मंदावलें. वेधशाळा राजाश्रयावर उभ्या होत्या. घरोघरच्या अध्ययनांत वेधास स्थान मिळालें नव्हतें. पोथी मुखोद्गत करणारे पुष्कळ, रात्रीं वर पाहणारे थोडे. आमच्याकडे केरो लक्ष्मण छत्रे ह्यांनीं एकोणिसाव्या शतकांत दृक्प्रत्ययाचा प्रश्न पुन्हां उभा केला, तेव्हां पंचांगांवरून केवढा वाद माजला हें सर्वश्रुत आहे. जें आकाशांत दिसतें तें मानावें, एवढेंच त्यांचें म्हणणें होतें.

२०१० सालीं हें यंत्रालय जागतिक वारसास्थळांत गणलें गेलें. तथापि खरा वारसा दगडाचा नव्हे, दृष्टीचा. तो जपण्यास संस्थान लागत नाहीं. विषुवदिनीं अंगणांत किंवा गच्चीवर सरळ काठी उभी करावी, मुलांकडून मध्यान्हाची सर्वांत आंखूड छाया मोजवावी. काठी व छाया ह्यांच्या प्रमाणावरून आपल्या गांवाचा अक्षांश निघतो. पंचांग भिंतीवर टांगणाऱ्या प्रत्येक घरानें एवढें तरी करून पाहावें.