गोगलगाय, घरची मत्स्यटाकी आणि ‘औषध मारून द्या ना मॅडम!’



‘गोगलगाय अन् पोटात पाय’ ही म्हण आपण दरवर्षी शिकवतो. वरून गरीब, आतून बेरकी, असा अर्थ फळ्यावर लिहितो आणि पुढच्या म्हणीकडे वळतो. पण या म्हणीत चक्क विज्ञान आहे, हे मुलांना सांगितलंय का कधी? गोगलगाय ज्यावर सरकते तो तिचा पाय पोटाच्याच बाजूला असतो. म्हणून प्राणिशास्त्रात तिच्या वर्गाला ‘उदरपाद’ म्हणतात. उदर म्हणजे पोट, पाद म्हणजे पाय. म्हण रचणाऱ्याने गोगलगाय नीट न्याहाळली असणार!

आमच्या चिखलीच्या घरी दोन फुटी मत्स्यटाकी आहे. ६० × ३० × ३० सेंमी, म्हणजे ५४,००० घनसेंमी, म्हणजेच काठोकाठ भरली तर ५४ लिटर पाणी. (घनफळ शिकवताना हे उदाहरण जरूर वापरा.) त्यात गप्पी मासे आणि थोड्या पाणवनस्पती. डासांच्या अळ्या खातात म्हणून आरोग्य विभाग डबक्यांत, टाक्यांत सोडतो, तेच हे गप्पी. नवीन पाणवनस्पती आणल्या आणि काही दिवसांनी काचेवर तांदळाच्या दाण्याएवढ्या गोगलगायी दिसू लागल्या. महिनाभरात रात्री टॉर्च मारला की काच नुसती ठिपक्याठिपक्यांची!

या येतात कुठून? बहुतेक वेळा वनस्पतीच्या पानामागे चिकटलेल्या अंड्यांतून. ही अंडी पारदर्शक जेलीसारख्या पुंजक्यात असतात, चटकन दिसत नाहीत. या छोट्या गोगलगायींमध्ये नर-मादी वेगळे नसतात, एकाच जिवात दोन्ही. त्यामुळे एकटी गोगलगायसुद्धा टाकी भरायला पुरते. एका पुंजक्यात २० अंडी धरा, त्या २० मधून प्रत्येकी पुन्हा २०. म्हणजे ४००. तिसऱ्या पिढीला ८,०००! अर्थात सगळी पिल्लं जगत नाहीत. किती जगतील, हे ठरतं खाण्यावर. हा मुद्दा लक्षात ठेवा.

मी हा प्रश्न चौथीच्या वर्गात मांडला. ‘काय करायचं?’ क्षणाचाही विलंब न लावता एक मुलगी उठली, ‘औषध मारून द्या ना मॅडम! आमचे बाबा सोयाबीनले मारतात तसं.’ सगळ्या वर्गाने माना डोलावल्या.

खरं सांगते, त्या उत्तराने मी जरा अस्वस्थ झाले. पोर हुशार आहे, तिने डोळ्यांनी जे पाहिलं तेच सांगितलं. पण दहा वर्षांच्या लेकराला ‘कीड म्हटलं की औषध’ एवढंच सुचावं? २०१७ मध्ये आपल्या विदर्भातच, यवतमाळ जिल्ह्यात, फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले. आपल्या वर्गातल्या कितीतरी मुलांचे आई-बाबा पाठीवर पंप घेऊन शेतात जातात. मग ‘औषध’ म्हणजे काय, ते कोणाकोणाला लागतं, हे चौथीत नाही बोलायचं तर कधी?

म्हणून फळ्यावर टाकीच काढली. गोगलगायी मारायला मोरचूद, म्हणजे तांब्याचं औषध, चालतं. पण तेच पाणी मासेही श्वासावाटे घेतात, आणि तांबं जास्त झालं तर मासेही मरतात. शिवाय शेकडो गोगलगायी एकदम मेल्या की त्या पाण्यातच सडणार, पाण्यात अमोनिया वाढणार, म्हणजे पुन्हा माशांवरच संकट. मग तीच मुलगी हळूच म्हणाली, ‘मंग त्याईचं खाणंच कमी करा.’ शाब्बास!

घरी आम्ही हेच केलं. सासूबाई रोज पूजेनंतर माशांना कणकेच्या गोळ्या टाकायच्या, लेक शाळेतून आली की डब्यातलं खाद्य टाकायची. उरलेलं सगळं तळाशी गोगलगायींना. खाणं कमी करायचं म्हटल्यावर सासूबाई म्हणाल्या, ‘मासोया उपाशी ठेवतं का पोरी? पाप लागीन.’ मग त्यांनाच खुर्ची टाकून टाकीसमोर बसवलं. दोन मिनिटांत जेवढं मासे खातात तेवढंच द्यायचं, दिवसातून एकदा. दोन मिनिटांचं घड्याळ लेकीकडे, चिमूट सासूबाईंकडे.

दुसरा उपाय सापळ्याचा. रात्री काकडीची चकती किंवा उकळत्या पाण्यातून काढलेलं पालकाचं पान दोऱ्याने बांधून टाकीत सोडायचं. सकाळी त्यावर गोगलगायी जमलेल्या असतात, अलगद उचलून घ्यायच्या. काचेवरचे अंड्यांचे पुंजके जुन्या एटीएम कार्डाने खरवडायचे. नंतर साबणाने हात धुवायचे.

२०२२ च्या खरिपात लातूर, बीड, धाराशिव भागात शंखी गोगलगायींनी सोयाबीनची कोवळी रोपं फस्त केली, तेव्हाही शेतकऱ्यांना असाच सापळा सांगितला होता. गुळाच्या पाण्यात भिजवलेली गोणपाटं शेतात ठेवायची आणि सकाळी खाली जमलेल्या गोगलगायी वेचायच्या. तत्त्व एकच, काकडी काय आणि गोणपाट काय!

वेचलेल्यांचं काय करायचं, हा लेकीचा प्रश्न अवघड होता. मी तिच्यापासून काही लपवलं नाही. थोड्या बरणीत ठेवून वर्गात निरीक्षणाला नेल्या, बाकीच्या गरम पाण्यात टाकून कढीपत्त्याच्या बुंध्याशी पुरल्या. ती थोडा वेळ गप्प बसली. ‘नदीत सोडल्या असत्या तर?’ तेव्हा तिला मोठ्या आफ्रिकन गोगलगायीची गोष्ट सांगितली. १८४७ मध्ये एका इंग्रज अभ्यासकाने मॉरिशसहून ती कोलकात्याला आणली. आज ती देशात अनेक ठिकाणी पिकं खाते. म्हणून टाकीतले जीव आणि वनस्पती नदी, विहीर, धरण यांत कधीच सोडायच्या नाहीत.

सुरुवातीला आम्ही एका रात्री साठच्या वर गोगलगायी मोजल्या होत्या, दीड महिन्याने पंधराच्या आत आल्या. त्या आता काचेवरचं शेवाळ खातात, राहू दिल्यात. नवीन वनस्पती मात्र तुरटीच्या पाण्यात दोन-तीन तास बुडवून, स्वच्छ धुऊन, दोन आठवडे वेगळ्या बरणीत ठेवूनच टाकीत जाते, कारण काही अंडी तुरटीतूनही वाचू शकतात.

तुमच्या वर्गासाठी कृती: दोन बरण्या, दोन्हींत पाच-पाच गोगलगायी. एकीत रोज पालक, दुसरीत आठवड्यातून एकदा. दर सोमवारी मुलांनी अंड्यांचे पुंजके मोजून तक्ता भरायचा. आणि पालकहो, मुलांनी घरी येऊन ‘बाबा, फवारताना हातमोजे, मास्क घातला का?’ असं विचारलं, तर रागावू नका. विचारू द्या.