मनीचं पान

आमच्या घरात रात्रिभोजन करणारी एकटी मनी. सूर्य मावळायच्या आत आमची जेवणं उरकतात, ओटा पुसून होतो, भांडी पालथी पडतात, आणि नेमकी त्या वेळी ही अंग ताणत, जांभई देत माडीवरून खाली उतरते. सोप्यातल्या दिव्याखाली किडे जमतात, किड्यांवर पाली येतात आणि पालींवर डोळा ठेवून मनी बसते. आमच्या आत्ती, म्हणजे माझ्या सासूबाई, तिकडं पाठ करून जपमाळ ओढत राहतात. धप्प असा आवाज आला की माळ थांबते. "घावली वाटतं तिला," म्हणतात आणि पुन्हा पहिल्या मण्यापासून सुरू करतात.

जैनाच्या घरात मांजर कशाला, असं मला पुष्कळजणींनी विचारलंय. विचारणाऱ्यांपैकी निम्म्यांच्या घरी मांजर असतं, ही गोष्ट वेगळी. निपाणी म्हटलं की बाहेरच्यांना फक्त तंबाखू आठवतो, पण आमच्या भागातल्या शेतकरी जैनांच्या घरात तंबाखूबरोबर जोंधळा, भुईमूग, हरभरा, आता सोयाबीन, सगळंच येतं. पोती आली की उंदीर आले, आणि उंदीर आले की मांजर आलंच. हे काही आपल्याकडचंच नाही. सायप्रस बेटावर सुमारे ९,५०० वर्षांपूर्वीच्या एका थडग्यात माणसाशेजारी पुरलेलं मांजर सापडलंय. माणूस धान्य साठवायला लागला आणि मांजर आपल्या पायांनी त्याच्या दारात आलं, असं अभ्यासक सांगतात.

माझ्या माहेरी उंदरांना औषध घालायचं नाही, चाप लावायचा नाही, असा दंडक होता. पिंजऱ्यात सापडलेला उंदीरसुद्धा लांब शेतात नेऊन सोडायचा. मांजर मात्र हवं. "आपण कुठं मारतोय? ती तिच्या स्वभावानं मारते," असं आई म्हणायची. पाठशाळेत आम्हांला कृत, कारित, अनुमोदना शिकवलेलं. स्वतः करणं, दुसऱ्याकडून करवणं आणि केलेल्याला मान डोलावणं, तिन्हींचा दोष लागतो. मी दहा-अकरा वर्षांची असताना आईला विचारलं, "मग मांजर ठेवणं हे कारित की अनुमोदना?" आईनं कन्नडमध्ये जे उत्तर दिलं, त्याचा मराठी अर्थ ‘गप्प बस आणि शेंगा फोड’ असा होतो.

माहेर चिकोडीकडचं, म्हणून कन्नड. इथं निपाणीत मराठी. मनीला दोन्ही येतात. मी "बा, बा" म्हटलं तरी येते, आत्तींनी "ये गं ये" म्हटलं तरी येते, आणि यायचं नसेल तर तिला दोन्ही भाषा येत नाहीत. १९५६ पासून आमच्या भागात कोण कुठल्या राज्यात याचं भांडण चालू आहे. कौलांवरच्या बोक्यांची हद्द मात्र दोन रात्री ओरडून पक्की होते.

आत्तींना मांजर आवडत नाही, असं त्या स्वतः सांगतात. सामायिकाला बसल्या की मनी येऊन मांडीवर गोल होते. सामायिक म्हणजे ४८ मिनिटं हलायचं नाही, आणि तेवढा वेळ न हलणारी मांडी घरात दुसरी कुणाची नाही, हे मनीनं बरोबर हेरलंय. ती गुरगुरत असते, आत्तींचा पाठ चालू असतो. वेळ झाला तरी त्या आणखी थोड्या बसून राहतात. "पाय बधिर झालाय गं," म्हणतात. पण मांजर उठल्याशिवाय पाय काही सोडत नाहीत.

दोन वर्षांपूर्वी चातुर्मासात गावात महाराजांचा संघ होता आणि आमच्याकडे चौका लागला. घरात आनंद होता आणि माझ्या पोटात गोळा. आहाराच्या वेळचे अंतराय बत्तीस. त्यांतले दोन तर मनीला बघूनच लिहिले असावेत. मुनींच्या दोन पायांमधून पंचेंद्रिय जीव गेला तर अंतराय, आणि समोर एखाद्या जीवाचा वध झाला तरी अंतराय. महाराज आहार घेतात उभ्यानं, आणि मनीचा जन्मजात छंद म्हणजे उभ्या माणसाच्या पायांतून आठाच्या आकड्यासारखं फिरणं! अंतराय झाला की महाराज तिथंच हात सोडतात. आहार दिवसातून एकदाच, म्हणजे मग दुसऱ्या दिवसापर्यंत पाण्याचा थेंबही नाही. माझ्या मांजरीपायी एका तपस्व्याला भर पावसाळ्यात उपास घडणार, या विचारानं मला रात्रभर झोप नव्हती.

मनीला पहाटेच माडीवरच्या खोलीत कोंडलं, सोबत मुलाला बसवलं, दाराच्या फटीत गोणपाट कोंबलं. आम्ही खाली "नमोस्तु, नमोस्तु" म्हणत उभ्या आणि वर हिचं आक्रंदन. शेजारच्या काकी हळूच म्हणाल्या, "कुणाचं बाळ रडतंय गं?" मी नुसती मान हलवली. बोलले असते तर आवाज कापला असता. आहार निरंतराय झाला. माडीवर गेले तर मुलगा झोपलेला आणि मनी त्याच्या छातीवर, डोळे मिटून.

इथपर्यंतचं सगळं गमतीनं सांगता येतं. पिल्लांचं तसं नाही.

मांजरीला दिवस जातात ते नऊ आठवड्यांचे. पिल्लं अंगावर पीत असतानाच ती पुन्हा गाभण राहू शकते. वर्षात दोन वेळा तर सहज, कधी तीन. पहिली चार पिल्लं आम्ही कौतुकानं वाटली. दुसऱ्या वेळी दोन वाटली, एक गेलं, एक राहिलं. तिसऱ्या वेळी गावात मांजर घ्यायला कुणी उरलंच नव्हतं. मोठी होऊ लागलेली पिल्लं रस्त्यावर जायची. उसाचा हंगाम सुरू झालेला, दारावरून रात्रंदिवस ट्रॅक्टरच्या दोन-दोन ट्रॉल्या. त्या हिवाळ्यात तीन पिल्लं मी स्वतः उचलून आणून परसात पुरली. मनी दोन दिवस ओरडत घरभर फिरायची, कपाटामागं, पोत्यांमागं, पाळण्याखाली. ती काय शोधते हे मुलाला कळत होतं. तो मला विचारायचा नाही. तेच मला जास्त जड जायचं.

जुन्या काळी यावर उपाय ठरलेला होता. पिल्लं पोत्यात घालायची आणि गड्याला सांगायचं, ओढ्यापलीकडं सोडून ये. सोडली म्हणजे सुटली, असं सगळे धरून चालायचे. घरातली बाई पोत्याचं तोंड बांधून द्यायची आणि हात धुऊन स्वयंपाकाला लागायची. कृत नाही, डोळ्यांसमोर नाही. कारिताचं नाव कुणी काढायचं नाही.

मी मनीचं ऑपरेशन करायचं ठरवलं, तेव्हा आत्ती पहिल्यांदा माझ्याशी चढ्या आवाजात बोलल्या. "निर्लांछन हाय ते! आपल्यात चालत न्हाई." त्यांचं चूक नव्हतं. १३व्या शतकातल्या पंडित आशाधरांच्या ‘सागारधर्मामृता’त श्रावकानं टाळायची पंधरा खरकर्मं दिलीत. त्यांत जनावरांचे अवयव छेदणं, म्हणजे निर्लांछन आहे, आणि हिंस्र प्राणी पोसणं, म्हणजे असतीपोष, तेही आहे. म्हणजे मांजर ठेवलं तरी यादीत नाव, तिचं ऑपरेशन केलं तरी यादीत नाव. स्वाध्यायाला येणाऱ्या एका अक्कांनी मला धीर दिला, "ते धंद्याबद्दल हाय गं. त्यावर पोट भरू नये, एवढाच अर्थ." अर्थ तसाच आहे, मीही वाचलंय. पण धंदा नाही म्हणून सुरी बोथट होत नाही. तिच्या पोटाला चिरा पडणार होता आणि तो माझ्या सांगण्यावरून पडणार होता.

महाराजांना विचार, असं घरात सगळ्यांचं म्हणणं पडलं. मी विचारलं नाही. मुनींचं अहिंसा महाव्रत मन, वचन, काया आणि कृत, कारित, अनुमोदना असं नऊ बाजूंनी बांधलेलं असतं. ते अशा गोष्टीला ‘कर’ म्हणू शकत नाहीत. ‘करू नको’ म्हणाले असते, तर ट्रॉलीखाली जाणाऱ्या पुढच्या पिल्लांचं काय करायचं, हा प्रश्न मी त्यांच्या दारात टाकून आल्यासारखं झालं असतं. मांजर माझं होतं.

कोल्हापूर जवळ पडतं, पण धाकटी बहीण बेळगावात टिळकवाडीला राहते, म्हणून बेळगाव. मनीला आदल्या रात्रीपासून उपाशी ठेवलेलं. भुलीच्या आधी पोट रिकामं लागतं. भाजीच्या झाकणाच्या बुट्टीत तिला घालून आम्ही सकाळीच हायवेला लागलो. निपाणी सोडली की स्तवनिधीचा घाट. तिथून जाताना आमच्यातलं कुणी हात जोडल्याशिवाय राहत नाही. त्या दिवशी मांडीवर बुट्टी, बुट्टीत ओरडणारी मनी, आणि हात कशासाठी जोडायचे तेच कळेना. मुलानं जोडले. मी बुट्टीचं झाकण दाबून धरलं होतं.

डॉक्टर म्हणाले, दुपारनंतर या. बहिणीनं मला किल्ल्यात नेलं, कमल बस्तीत. १२०४ साली, रट्टांच्या राज्यात बांधलेली ती बस्ती. वर छताला दगडाचं कमळ उमललेलं आणि आत गाभाऱ्यात नेमिनाथ. नेमिनाथांची कथा तुम्हांला माहीतच आहे. लग्नाच्या वरातीत जेवणावळीसाठी कोंडलेल्या जनावरांचा आक्रोश ऐकला आणि नवरदेव तिथूनच फिरला, तो थेट गिरनारला. दुसरी कुठली बस्ती बहिणीला सुचली नसती का, असं वाटलं मला. तिला तसं म्हटलंही. ती म्हणाली, "अगं, इथं गार असतं म्हणून आणलं."

ऑपरेशन नीट झालं. मनी शुद्धीवर येताना मान सरळ धरू शकत नव्हती. तिनं माझा हात चाटायला जीभ काढली ती तशीच बाहेर राहिली. डॉक्टरांनी दहा दिवस घराबाहेर सोडायचं नाही असं बजावलं आणि विचारलं, "खायला काय घालता?" मी म्हटलं, दूध-भाकरी. सहा वर्षं दूध-भाकरीवर वाढवलीय. यात थोडा अभिमान होता. आमच्याकडे शाकाहारी मांजर म्हणून सांगायची पद्धतच आहे.

डॉक्टर कन्नडमिश्रित मराठीत शांतपणे बोलत राहिले. मांजराला टॉरिन नावाचं द्रव्य लागतं. ते तिच्या शरीरात पुरेसं तयार होत नाही, मांसातून मिळतं. कमी पडलं तर डोळ्यांचा पडदा खराब होतो, हृदय फुगून थकतं. हृदयाचा हा संबंध १९८७ मध्ये अमेरिकेत उजेडात आला आणि मग मांजरांच्या विकतच्या खाण्यात टॉरिन वाढवलं गेलं. गाजरातून आपण अ जीवनसत्त्व बनवतो, मांजराला तेही जमत नाही. गोड चव तिला लागतच नाही, आणि दूध पुष्कळ मोठ्या मांजरांना नीट पचत नाही. "तुमची बेक्कु दूध-भाकरीवर जगली नाही, अक्का," ते म्हणाले. "उंदीर-पालींवर जगली. आता दहा दिवस कोंडणार, तर काय देणार?"

टॉरिन कारखान्यातही बनतं. त्यामुळं मांसाशिवायचं खाणं परदेशात मिळतं, पण ते मांजराला पुरतं का यावर डॉक्टरांमध्येच एकमत नाही, असं त्यांनी सांगितलं. टाके घातलेल्या जिवावर मला तो प्रयोग करायचा नव्हता. बेळगावातूनच मी एक पाकीट घेतलं. त्यावर माशाचं चित्र होतं. चित्रावर वर्तमानपत्र गुंडाळून ते घरी आणलं.

घरात काय झालं ते सविस्तर सांगत नाही. नवरा म्हणाला, परसातल्या जुन्या न्हाणीत ठेव, ती घराच्या भिंतीबाहेर आहे. नणंदेनं फोनवर सुचवलं, कामाच्या बाईला घालायला सांग, तिला काही वाटायचं नाही. नेमकं तेच मला नको होतं. गड्याच्या हातात पोतं देणं आणि बाईच्या हातात वाटी देणं, यांत मला फारसा फरक दिसत नाही. मी स्वतः घालते. आंघोळीच्या आधी न्हाणीत जाते, पत्र्याच्या डब्यातून मूठभर काढते, तिची वाटी वेगळी, ती तिथंच धुते. मग आंघोळ, मग स्वयंपाकघर. दोष लागत असेल तर तो कुणाला लागायचा याबद्दल घरात आता वाद नाही.

टाके निघाले, गळ्यातली प्लास्टिकची कॉलर निघाली, मनी पुन्हा कौलांवर गेली. पोट भरलेलं असल्यानं उंदीर कमी मारते, असं मला वाटतं. नवरा म्हणतो, आळशी झालीय. पाली मात्र अजून सोडत नाही. पुन्हा दिवस जाणार नाहीत, रस्ता ओलांडायला पिल्लं नाहीत. बोका कधीतरी येऊन वासरासारखा हंबरतो आणि ही त्याच्याकडं ढुंकूनही बघत नाही.

आत्ती त्या डब्याला हात लावत नाहीत, त्याचं नावही घेत नाहीत. त्यांच्या तोंडी ते नुसतं ‘त्ये’. यंदा दशलक्षणात त्यांनी दहाही दिवस एकवेळ जेवण ठेवलं होतं, शेवटी अनंत चतुर्दशीला निर्जळी उपास. त्या दिवशी मी बस्तीतून यायला उशीर केला. त्या सोप्यात भिंतीला टेकून बसलेल्या, मनी मांडीवर. मी आत जाताना म्हणाल्या, "तिचं त्ये संपत आलंय, बघ. सकाळी तू डबा हलवलास तर आवाज हलका आला."