लगाम कोणाच्या हाती? रेसची गाडी, आपली पोरं आणि पैशाचा हिशेब

१९२९ साली बाबासाहेब चाळीसगावला उतरले. स्टेशनवरचा एकही टांगेवाला त्यांना नेण्यास तयार होईना. महाराला बसवून टांगा हाकणं त्याला कमीपणाचं वाटत होतं. अखेर टांगा भाड्याने मिळाला, पण हाकणारा मिळाला नाही. आपल्याच वस्तीतल्या एकाने लगाम हाती घेतला. त्याला टांगा हाकण्याची सवय नव्हती. पुलावर चाक अडकलं, बाबासाहेब दगडी फरशीवर फेकले गेले आणि त्यांचा पाय मोडला. त्याआधी १९०१ साली मसूर स्टेशनवर लहानग्या भीमाच्या वाट्यालाही हेच आलं होतं. दुप्पट भाडं घेऊनही गाडीवान शेजारी बसायला तयार नव्हता. मुलांनी स्वतः बैल हाकायचे आणि त्याने गाडीसोबत पायी चालायचं, असं ठरलं. दोन्ही प्रसंग 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये आहेत.

हे प्रसंग आपण अपमानाची उदाहरणं म्हणून वाचतो, आणि ते बरोबरच आहे. पण त्यांत आणखी एक गोष्ट दडलेली आहे. जात माणसाला फक्त गाडीतून खाली उतरवत नाही, ती त्याला गाडी हाकायलाही शिकू देत नाही. आणि न शिकलेल्या हाती लगाम आला की हाडं आपलीच मोडतात.

हे आज आठवायला कारण माझा भाचा. मंगरुळपीर तालुक्यात एका गॅरेजवर तो सहा वर्षांपासून काम करतो. आयटीआय झालेला आहे. तीन वर्षांत त्याने पंच्याऐंशी हजार रुपये साठवले आणि एक दिवस मला म्हणाला, "मामा, मले रेसची गाडी घ्यायची हाय. कोणती घेऊ ते सांगा." त्याने मोबाईलवर अमेरिकेतल्या छोट्या गोल ट्रॅकवरच्या शर्यती पाहिल्या होत्या. जुन्या, स्वस्त गाड्या घेऊन साधे मेकॅनिक, कामगार शनिवारी रात्री तिथे पळतात. माझ्या बहिणीने ऐकलं आणि कपाळाला हात लावला. "घरकुलाचं काम अर्धं पडलं हाय, अन् याले रेस सुचून राह्यली!"

चळवळीतल्या मित्रांना सांगितलं तर तेही हसले. म्हणाले, हे श्रीमंतांचे चोचले. आपल्या पोरांना स्पर्धा परीक्षेला बसव. आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत ज्या वाशिमचं नाव आहे, तिथे रेसिंगच्या गोष्टी कशाला, असाही सवाल आला.

या सवालाला उत्तर द्यायला हवं. आपल्या भागात शर्यत नव्हती असं नाही. शंकरपट आहेच की! २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली, १६ डिसेंबर २०२१ रोजी अटींसह परवानगी दिली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला. पट पुन्हा भरू लागले. पण पटावर जोडी कोणाची पळते? ज्याच्याकडे वावर आहे, गोठा आहे, कडबा आहे, त्याची. भूमिहीनाच्या वाट्याला बांधावर उभं राहून ओरडणं येतं. म्हणजे शर्यतीचं तिकीट सातबाऱ्यावर छापलेलं असतं. जुन्या मोटारगाडीला सातबारा लागत नाही. मला भाच्याच्या हट्टात पहिल्यांदा काही दिसलं ते हेच.

दुसरी गोष्ट गॅरेजमध्ये रोज दिसते. जात ही केवळ श्रमाची नाही तर श्रमिकांचीही विभागणी आहे, हे बाबासाहेबांनी १९३६ मध्येच मांडलं. गाडीखाली झोपून ग्रीस अंगावर घेणारा एक आणि हेल्मेट घालून फोटो काढणारा दुसरा, ही विभागणी आपण निसर्गनियम असल्यासारखी का स्वीकारायची? देशातल्या एका मोठ्या सर्किटला बुद्धांचं नाव आहे. ग्रेटर नोएडाच्या बुद्ध इंटरनॅशनल सर्किटवर ३० ऑक्टोबर २०११ रोजी भारतातली पहिली फॉर्म्युला वन शर्यत झाली. नाव आपल्या तथागताचं, पण तिथल्या स्टिअरिंगपर्यंत बौद्ध वस्तीतल्या पोराचा रस्ता कुठून जातो?

अमेरिकेत तो रस्ता एका माणसाने स्वतः पाना हातात घेऊन काढला. वेंडेल स्कॉट. व्हर्जिनियातल्या डॅनव्हिलचा कृष्णवर्णीय टॅक्सीचालक, सैन्यात मेकॅनिकचं काम केलेला. १९५२ साली तो गावच्या छोट्या ट्रॅकवर उतरला. गाड्या जुन्या, दुसऱ्यांनी वापरलेल्या. दुरुस्ती स्वतःची आणि पोरांची. १ डिसेंबर १९६३ रोजी जॅक्सनव्हिलच्या अर्ध्या मैलाच्या ट्रॅकवर तो नॅस्कारच्या सर्वोच्च स्तरावरची शर्यत जिंकला. तरी आयोजकांनी विजेता म्हणून गोऱ्या बक बेकरचं नाव पुकारलं! गर्दी पांगल्यावर चूक मान्य झाली, पण खरी ट्रॉफी स्कॉटच्या हाती जिवंतपणी पडली नाही. २०१५ मध्ये त्याला नॅस्कारच्या हॉल ऑफ फेममध्ये घेतलं. ही गोष्ट मी भाच्याला सांगितली ती दोन्ही बाजूंनी. जिद्दीने गाडी पळते हे खरं, आणि पळूनही निकाल कोण जाहीर करतं हा प्रश्न उरतो हेही तितकंच खरं.

आता गाडीचा मुद्दा. आपल्याकडे त्या छोट्या ट्रॅकच्या जवळ जाणारा प्रकार म्हणजे ऑटोक्रॉस. मोकळ्या मैदानात मातीवर वळणांचा छोटा मार्ग आखतात, एकेक गाडी सोडतात आणि सेकंदांवर निकाल लागतो. गट बहुधा इंजिनाच्या क्षमतेप्रमाणे असतात. त्यामुळे लहान गाडीवाल्याला मोठ्या गाडीशी झुंजावं लागत नाही.

आम्ही तीन नावं मांडली. पहिली एस्टीम. १२९८ सीसी, भारतीय रॅली आणि रेसिंगमध्ये वर्षानुवर्षं पळालेली. पण २००७ मध्ये ती बंद झाली आणि आता धड सांगाडा मिळणं कठीण. दुसरी जुनी झेन. ९९३ सीसी, चार सिलिंडर, चालवायला चपळ. पण तालुक्याच्या ठिकाणी तिचे पार्ट शोधत फिरावं लागतं. तिसरी मारुती एट हंड्रेड. ७९६ सीसी, तीन सिलिंडर, वजन साधारण साडेसहाशे किलो. डिसेंबर १९८३ ते जानेवारी २०१४ एवढा काळ ती बनत होती, म्हणून तिचा पार्ट कारंजातही मिळतो आणि रिसोडातही. ताकद कमी आहे. पण शिकणाऱ्याला कमी ताकदच बरी. वळणावर चूक झाली तर ती लगेच कळते आणि जीव वाचतो. भाचा म्हणाला, कार्ब्युरेटरची नको, मातीत उसळ्या बसल्या की पेट्रोल हेलकावतं, एमपीएफआयची बघू. हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं, ते त्याच्या हातांना माहीत होतं.

पाच गाड्या पाहिल्या. एकीच्या ऑइलच्या झाकणाखाली पांढरट साय होती, म्हणजे पाणी ऑइलमध्ये मिसळत होतं. एकीचं दार बंद होताना घासत होतं, चॅसी वाकलेली. एक चकचकीत होती, मोठे स्पीकर, नवं सीट कव्हर, पण गालिचा उचलला तर फरशी गंजून हाताला लागत होती. गाडी पाहताना रंग पाहू नका मित्रांनो, फरशी पाहा, जोड पाहा, पुढची चाकं पूर्ण वळवून चालवा आणि कट-कट आवाज येतो का ते ऐका. चौथी गाडी घेतली, अडतीस हजारांना. कागदपत्रं साफ, रंग उडालेला.

खरी कसोटी यानंतरच होती. गाडीची किंमत हा खर्चाचा निम्मा भागही नसतो. रोल केज, पक्की बसवलेली सीट, हार्नेस, रेसिंगचं हेल्मेट, अग्निशामक, टायर, ब्रेक, एफएमएससीआयचं लायसन्स, प्रवेश फी आणि गाडी लादून नेण्याचा टेम्पो. नियमात सूट असली तरी केजशिवाय गाडी मैदानात न्यायची नाही, ही अट मी घातली. दुसरी अट: कर्ज काढायचं नाही. तिसरी अट बहिणीची: धाकटीच्या नर्सिंगच्या फीला हात लावायचा नाही. चार मित्रांनी मिळून खर्च वाटून घेतला आहे. आयोजक परवानगी देतील तिथे एकाच गाडीवर पाळीपाळीने चालवायचं ठरलं आहे. केजचं काम पैशाअभावी अडलं आहे, म्हणून गाडी अजून एकदाही पळालेली नाही. मला याचं वाईट वाटत नाही.

कारण दुसरा रस्ता मी पाहतो. समृद्धी महामार्ग आपल्या जिल्ह्यातून जातो. रात्री मोटरसायकली आणि भाड्याच्या गाड्या घेऊन पैज लावणारी पोरं आपल्याच वस्तीतली असतात. सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणं मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली गुन्हा आहे. पण कलम सांगून वेग थांबत नाही. वेगाला जागा द्यावी लागते, शिस्त द्यावी लागते, हेल्मेट द्यावं लागतं. श्रीमंताच्या पोराला ती जागा पैशाने मिळते. आपल्या पोराच्या वाट्याला दुभाजक येतो.

म्हणून माझं म्हणणं एवढंच. रेसिंग ही आपली पहिली मागणी नाही. शिक्षण, जमीन, शिष्यवृत्ती आधीच. पण खेळाचं मैदान कोणासाठी आहे, हा प्रश्न समतेच्या बाहेरचा नाही. आयटीआयच्या मोटार मेकॅनिक विभागाला वर्षातून दोनदा मोकळं मैदान, रुग्णवाहिका आणि प्रशिक्षक मिळावा, अशी मागणी जिल्हा क्रीडा कार्यालयाकडे आपण का करू नये? जयंतीला डीजेवर जो पैसा उडतो, त्यातला थोडा वाचवून चार हेल्मेट का घेऊ नयेत? ज्याला गाडी दुरुस्त करता येते त्याला ती चालवण्याचाही अधिकार आहे. तो कोणी आणून देणार नाही. संघटित होऊन, हिशेब ठेवून, जीव सांभाळून तो घ्यावा लागेल.

जय भीम!