सान्तियागोची टेकडी आणि युद्धातला तिसरा पक्ष

क्युबाच्या पूर्व भागातील सान्तियागो शहरात येणारे बहुतेक प्रवासी संगीतासाठी आणि रमसाठी येतात. अमेरिका खंडातील स्पेनचे चार शतकांचे साम्राज्य जेथे स्पेन-अमेरिका युद्धात, १८९८ च्या जुलैत, संपल्यात जमा झाले, ती ठिकाणे पाहण्यासाठी वाट वाकडी करणारे विरळाच. शहराबाहेरील सान हुआन टेकडी अशा प्रवाशाची प्रथम निराशाच करते, कारण युद्धचित्रांत दिसणारा बिकट चढ तेथे नसून एक बुटका उंचवटा आणि स्मारकांची दाटी आहे. वाटाडे येथे पुढे अमेरिकेचे अध्यक्ष झालेल्या थिओडोर रूझवेल्ट यांच्या चढाईची कथा रंगवतात. परंतु ते प्रथम चढले ती शेजारची केटल टेकडी होती, त्यांच्या घोडदळाचे बहुतेक घोडे फ्लोरिडातच राहिले होते आणि कृष्णवर्णीय सैनिकांच्या पलटणीही त्यांच्याबरोबर होत्या, हा तपशील त्या पाठांतरात सहसा बसत नाही. त्याच १ जुलैला जवळच्या एल कानेय गावात जनरल वारा दे रे यांनी सुमारे पाचशे स्पॅनिश सैनिकांनिशी सहा हजारांहून अधिक अमेरिकनांना दिवसभर रोखून धरले आणि तेथेच प्राण सोडला. मावळत्या सत्तेचे हे शौर्य टेकडीवरील साऱ्या ब्राँझपेक्षा मोलाचे वाटते.

सान्तियागोतील घरगुती भाड्याच्या खोल्यांत वीज गेली की पंखा थांबतो आणि डास मोकाट सुटतात, तेव्हा या युद्धात अमेरिकन सैनिक गोळ्यांपेक्षा रोगांनीच अधिक का मेले, हे वेगळे समजावून घ्यावे लागत नाही. त्या रोगांतला पीतज्वर, म्हणजे त्वचा पिवळी पाडणारा जीवघेणा ताप, डासांमुळे पसरतो, हे मत क्युबाचे डॉक्टर कार्लोस फिनले यांनी १८८१ मध्येच मांडले होते. जगाने ते मानले मात्र १९०० नंतर, अमेरिकन लष्करी डॉक्टर वॉल्टर रीड यांच्या प्रयोगांमुळे.

जागतिक वारसा ठरलेल्या मोरो किल्ल्यावर अर्धा तास पुरे. खरा वेळ पश्चिमेच्या किनाऱ्याला द्यावा. ३ जुलैला स्पॅनिश अ‍ॅडमिरल सेर्वेरा यांचे आरमार सान्तियागोच्या बंदरातून बाहेर पडले आणि काही तासांतच त्याच्या सहाही नौका नष्ट झाल्या किंवा किनाऱ्याला लागल्या. स्पेनची तीनशेहून अधिक माणसे मेली, अमेरिकेचे एक. त्यांतल्या ‘ओकेन्दो’ या युद्धनौकेची तोफ आजही पाण्यावर डोके काढून आहे. त्याच किनाऱ्यावरील असेरादेरो येथे ‘विस्काया’ ही दुसरी नौका जळत येऊन लागली आणि तेथेच, लढाईपूर्वी २० जूनला, जनरल कालिस्तो गार्सिया यांनी अमेरिकन सेनानींसह मोहिमेची आखणी केली होती. गार्सिया हे मांबींचे, म्हणजे १८९५ पासून स्पेनशी लढणाऱ्या क्युबन स्वातंत्र्यसैनिकांचे, पूर्व भागातील सेनापती होते.

क्युबाचे स्वातंत्र्य अमेरिकेचे देणे नाही, हा सिद्धांत क्युबन इतिहासकार एमिलिओ रोइग यांनी १९५० च्या आपल्या ग्रंथात मांडला. जमिनीवरील युद्धापुरता तो पटतो, कारण मांबींनी स्पेनला आधीच जेरीस आणले नसते, तर अमेरिकन फौजेचे किनाऱ्यावर उतरणेच दुरापास्त झाले असते. परंतु सेर्वेरांच्या नौका बुडवण्यासाठी मांबींकडे आरमार नव्हते आणि रोइग यांच्या मांडणीत हा भाग फिका पडतो. अमेरिकेवरचा त्यांचा राग मात्र रास्त आहे. १७ जुलैला शहर शरण आले तेव्हा अमेरिकन फौजेचे प्रमुख जनरल शाफ्टर यांनी मांबींना आत येऊ दिले नाही, स्पॅनिश अधिकारी मात्र पदांवर कायम ठेवले आणि गार्सियांनी निषेधाचे पत्र लिहून राजीनामा दिला. त्या वर्षअखेरीच्या पॅरिस तहाच्या वाटाघाटींतही क्युबाचा प्रतिनिधी नव्हता. ग्वान्तानामोचा उपसागर १९०३ मध्ये नाविक तळासाठी अमेरिकेकडे गेला. सान्तियागोहून तो पूर्वेला फार दूर नाही, पण तळावर प्रवाशाला प्रवेश नाही.