पलेर्मोच्या खांबावरची आयत

पलेर्मोला आम्ही दोघं गेलो ते लेकीच्या आग्रहावरून. ती इटलीत शिकत होती आणि परत येण्याआधी अम्मी-अब्बांना सिसिली बेट दाखवायचं तिच्या मनात होतं. तिथल्या कॅथिड्रलच्या दक्षिण दारापुढे तीन कमानींचा मंडप आहे. आम्ही मान वर करून घुमट पाहत होतो, तेवढ्यात डावीकडच्या खांबापाशी उभ्या असलेल्या लेकीने हाक मारली, "अब्बा, हे वाचा ना!"

खांबावर अरबी अक्षरं कोरलेली होती. वळण जुनं, आमच्या शिपाऱ्यातल्यासारखं नव्हे. एकेक शब्द लावत गेलो आणि अंगावर काटा आला. कुराणातली आयत! सूरह आराफमधली चोपन्नावी. चर्चच्या दारात आयत पाहून, खरं सांगायचं तर, आमची छाती फुगली. ही इमारत आपलीच, असं वाटून गेलं.

लेकीने विचारलं, "अर्थ काय हिचा?"

आम्ही दोघंही गप्प. लहानपणी मौलवीसाहेबांच्या छडीच्या धाकाने कुराण पूर्ण केलं, गावात मिठाई वाटली. अर्थ त्यांनी सांगितला नाही आणि आम्हीही विचारला नाही. शेवटी लेकीनेच मोबाइलवर मराठी तर्जुमा शोधला. आयत सृष्टीच्या निर्मितीची आहे. एकामागून एक येणाऱ्या दिवस-रात्रीची, हुकमात चालणाऱ्या सूर्य-चंद्र-ताऱ्यांची.

रात्री मुक्कामावर इतिहास वाचत बसलो, तेव्हा फुगलेली छाती हळूहळू खाली आली. अरबांनी पलेर्मो घेतलं ते 831 मध्ये. 973 मध्ये तिथे आलेला प्रवासी इब्न हौकल शहरात तीनशेहून जास्त मशिदी असल्याचं सांगतो. जामा मशिदीत त्याने माणसांच्या रांगा मोजल्या. सुमारे सात हजार माणसं मावत असावीत, असा त्याचा अंदाज. पण ही मशीद आधी चर्च होती, हेही तोच लिहून ठेवतो. मुसलमान प्रवाशानेच लिहिलेलं, म्हणजे नाकारायची सोय नाही. 1072 मध्ये नॉर्मनांनी शहर जिंकलं आणि मशिदीचं पुन्हा चर्च झालं. आजचं कॅथिड्रल आर्चबिशप वॉल्टरने 1185 मध्ये उभारलं. पंधराव्या शतकात तो मंडप आला. घुमट तर 1781 ते 1801 च्या डागडुजीतला. खालच्या टोकदार कमानींशी त्याचं काही जुळत नाही, असं आमचं मत.

आयतीचा खांब आधीच्या इमारतीतून उचलून इथे बसवला, असं मानतात. बसवणाऱ्याला ती वाचता आली नसेल, की वाचूनही राहू द्यावीशी वाटली? राजा दुसरा रॉजर ख्रिस्ती होता, पण त्याच्या दरबारात अल-इद्रीसीने जगाचा भूगोल लिहिला आणि त्याच्या शाही झग्यावर अरबीत हिजरी सन 528 भरतकामाने काढलेलं आहे. तो रॉजर याच कॅथिड्रलमध्ये दफन आहे. त्याचा नातू दुसरा फ्रेडरिकही तिथेच, लालसर जांभळ्या दगडाच्या पेटीत. या नातवाला अरबी विद्येची मोठी ओढ, आणि यानेच सिसिलीतल्या मुसलमानांना घरादारातून उठवून इटलीच्या मुख्य भूमीवर लुचेरा इथे नेऊन वसवलं. 1300 मध्ये आंजू घराण्याच्या दुसऱ्या चार्ल्सने ती वस्तीही मोडली, माणसं गुलाम म्हणून विकली. लुचेरालाही मग कॅथिड्रल झालं. पलेर्मोत आयत राहिली, ती वाचणारं कुणी राहिलं नाही.

आपल्याकडे "मुळात इथे काय होतं?" हा प्रश्न निघाला की आमच्या पोटात गोळा येतो. त्या रात्री तोच प्रश्न आम्हाला उलट्या बाजूने पडला होता. बराच वेळ झोप लागली नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा गेलो. आत फरशीवर 1801 मध्ये खगोलशास्त्रज्ञ पियाझी याने बसवलेली धातूची रेषा आहे. वरच्या छिद्रातून येणारा उन्हाचा ठिपका मध्यान्हीला तिच्यावर येतो. आम्ही तिघं वाट पाहत उभे राहिलो. ठिपका सरकत रेषेवर आला, ओलांडून गेला. मग बाहेर येऊन खांबासमोर लेकीला ती आयत पुन्हा वाचून दाखवली, या वेळी मराठी अर्थासकट. दोन ठिकाणी आम्ही अडखळलो; तिने मोबाइलमध्ये पाहून दुरुस्त केलं.