माझं ते

सकाळी सात पस्तीसला आमच्या घरात एक वाक्य ठरलेलं असायचं. बाबा दारात उभे राहून पायात चप्पल सरकवायचे आणि आत न बघता म्हणायचे, "अगं, माझं ते दे." आई ओल्या हातांनी ओट्यापासून निघायची, पदराला हात पुसायची, खुंटीवरची बॅग काढून चपटा डबा आत आडवा बसवायची आणि चेन ओढून बॅग बाबांच्या हातात द्यायची. मग "येतो" आणि जिन्यावर पावलं. डोंबिवली स्टेशन आमच्या घरापासून अकरा मिनिटांवर होतं आणि बाबांची गाडी सात बावन्नची. पाच-सहा मिनिटं हाताशी ठेवण्याइतके ते घाबरट होते.

'बॅग' हा शब्द मी आता लिहितेय. बाबांच्या तोंडून तो मी कधी ऐकला नाही. पिशवी नाही, थैली नाही, ब्रीफकेस तर नाहीच. माझं ते. सुट्टीच्या दिवशी ती कॉटवर पडलेली दिसली तर म्हणायचे, "माझं ते खुंटीला लाव." यात वेगळं काही आहे असं लहानपणी मला वाटत नसे, कारण आमच्या घरात नाव न घेण्याची रीतच होती. आई बाबांना 'अहो' म्हणायची, बाबा आईला 'अगं'. आईच्या तोंडी बाबांचं नाव मी ऐकलं ते हळदीकुंकवाच्या उखाण्यात. बॅगही त्याच नात्यातली असणार, असं मी धरून चालले होते.

बाकीच्या पुरुषांचं तसं नव्हतं. प्रत्येकाच्या वागवायच्या वस्तूला नाव होतं आणि ते नाव त्याच्याबद्दल पुष्कळ सांगायचं. आजोबांची चंची होती. खणाखणांची, गुंडाळली की मुठीत मावेल एवढी. एका खणात पान, एकात सुपारी, एकात कात, डबीत चुना आणि सगळ्यांत आतल्या खणात तंबाखू. ओसरीवर बसून ते ती उलगडायचे तेव्हा समोरच्या माणसाला घाईचं काम सांगता येत नसे. गावाकडे रविवारी येणाऱ्या न्हाव्याची धोपटी असायची. वस्तरा, कैची, वाटी, साबणाचा तुकडा आणि धार लावायचा चामड्याचा पट्टा, असं सगळं दुकान त्याच्या काखेत. पंढरीला जाणाऱ्या एका चुलतआजोबांची पडशी होती, दोन तोंडांची, एक पोट छातीवर आणि एक पाठीवर. तिच्यात काय होतं, ते त्यांनी कुणाला दाखवलं नाही.

बाबांचे धाकटे भाऊ, आमचे बापूकाका, शबनमवाले. सत्तरच्या दशकात खांद्याला शबनम नसेल तर माणूस विचार करतो हे लोकांना कळणार कसं? काकांच्या शबनममध्ये पत्रकं, एखादं पुस्तक, टॉवेल आणि मोर्चाहून येताना घेतलेले शेंगदाणे असत. पुढे काकांना बँकेत नोकरी लागली तरी शबनम सुटली नाही. फक्त आतली पत्रकं गेली आणि पासबुकं आली. शेजारच्या बिल्डिंगमधल्या एका साहेबांची ब्रीफकेस होती. तिला आकड्यांचं कुलूप होतं. एकदा तो आकडा त्यांना आठवेना तेव्हा सगळ्या मजल्यांवरचे लोक मदतीला जमले. शेवटी झाकण उघडलं. आत एक नारळ आणि कालचा पेपर होता.

आणि आम्हा मुलांचं दप्तर. शाळेत असताना या शब्दाचं मला काहीच वाटलं नव्हतं. नंतर कळलं की पेशव्यांच्या कागदपत्रांच्या साठ्यालाही दप्तरच म्हणतात आणि पुण्याच्या पेशवे दप्तरात ते कागद कापडी रुमालांत बांधून ठेवलेले आहेत. शब्द फारसीतून आला आणि फारसीत तो ग्रीकांकडून आला. तिथे त्याचा अर्थ होता कमावलेलं चामडं, लिहिण्यासाठी तयार केलेलं. म्हणजे चामड्याचा कागद झाला, कागदाचं कार्यालय झालं आणि कार्यालय अखेर तिसरीतल्या मुलीच्या पाठीवर येऊन बसलं. थैलीचंही तसंच. भाजीवाल्याला मागितली तर ती दहा पैशांची, आणि १९१६ साली टिळकांच्या साठीनिमित्त लोकांनी त्यांना दिली ती लाख रुपयांची. नाव तेच. पुरुषांनी आपल्या ओझ्याला नाव देताना फार विचार केला असेल असं वाटत नाही. पण माणूस कोण आणि त्याला कोण दिसायचं आहे, हे त्या नावात उतरतंच.

बाबांना कोण दिसायचं होतं, ते मला कळत नव्हतं. ते मस्जिद बंदरला एका क्लिअरिंग एजंटच्या कचेरीत कारकून होते. त्यांची ती बॅग काळ्या रेक्झिनची होती. रेक्झिन हे खरं तर मँचेस्टरजवळच्या हाइड गावातल्या एका कंपनीच्या मालाचं नाव. कापडावर लेप चढवून केलेलं नकली चामडं. आपल्याकडे ते नाव इतकं रुळलं की खऱ्या चामड्याची वस्तू दाखवतानाही दुकानदार म्हणतो, "रेक्झिन नाही हं." बाबांच्या बॅगेचं रेक्झिन कोपऱ्यांना उकललं होतं आणि आतून पांढरं कापड डोकावत होतं. दर पावसाळ्याआधी ते कोपरे बूटपॉलिशने काळे करायचे. स्टेशनबाहेर छत्र्या आणि चेना दुरुस्त करणारा बसायचा, त्याच्याकडून रनर बदलून घ्यायचे. पट्टा दोनदा नवा लावला होता.

एक गोष्ट मात्र विचित्र होती. बॅगेच्या आत, मागच्या बाजूला, त्यांनी हार्डबोर्डचा एक तुकडा कापून बसवला होता. परीक्षेच्या पॅडापेक्षा थोडा मोठा. त्यामुळे बॅग रिकामी असली तरी ताठ उभी राहायची. "कागद दुमडत नाहीत," असं त्यांनी सांगितलं होतं. कचेरीचे कागद ते कधी घरी आणत नसत, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही. बोर्ड असलेल्या बाजूचं रेक्झिन मधोमध गुळगुळीत झालं होतं. कोपरे फाटतात, तळ झिजतो, पण बॅगेचं पोट असं मधूनच का झिजावं?

२००७च्या नोव्हेंबरमध्ये, एका संध्याकाळी, घरी येताना बाबा ठाण्याच्या प्लॅटफॉर्मवर कोसळले. सत्तावन्न वर्षांचे होते. निवृत्तीला वर्ष उरलं होतं. हमालांनी उचललं, हॉस्पिटलात नेलं, पण नेईपर्यंत संपलं होतं. फोन आला तो लोहमार्ग पोलिसांचा.

त्यांच्या वस्तू घ्यायला मी आणि बापूकाका गेलो. हवालदार वयाने बाबांएवढेच होते. टेबलावर बॅग होती, बोर्डामुळे ताठ उभी. कुणाची तरी वाट बघणाऱ्या माणसासारखी. शेजारी कागद. त्यांनी वाचून दाखवलं: एक काळ्या रंगाची रेक्झिनची हँडबॅग, जु. वा. मी विचारलं, जु. वा. म्हणजे? "जुनी वापरती, ताई. आम्ही तसंच लिहितो."

हँडबॅग. हसू आलं आणि त्याच वेळी घसा दाटला. आमच्याकडे हँडबॅग बायकांची असते. मी बाबांना सांगितलं असतं तर चिडले असते, मग दोन दिवस तो शब्द घोळवत बसले असते. बावीस वर्षं ज्याला नाव दिलं नाही, त्याला सरकारी कागदावर अडीच मिनिटांत नाव मिळालं होतं, आणि तेही चुकीचं.

यादी पुढे होती. स्टीलचा डबा, रिकामा. चष्मा, घरासह. रेल्वेचा पास, सेकंड क्लास. छत्री, घडीची. आणि आतल्या चेनच्या कप्प्यातून निघालेला पत्त्यांचा कॅट, एक.

"पत्ते आमचे नाहीत," मी म्हणाले. हवालदार म्हणाले, "बॅगेत होते, ते लिहावं लागतं. वारस कोण? इथे सही करा." त्या वर्षी हा शब्द कानावर सारखा पडायचा. ११ जुलै २००६ला पश्चिम रेल्वेवर सात लोकलच्या डब्यांत स्फोट झाले, तेव्हापासून आमच्या मध्य रेल्वेच्या स्टेशनांवरही दिवसभर घोषणा चालत: बेवारस वस्तूंना हात लावू नका. सीटखाली, वर रॅकवर, लोक एकमेकांना विचारत, ही बॅग कुणाची? कुणी तरी हात वर केल्याशिवाय डबा निवांत होत नसे. मी सही केली. बॅगेला वारस मिळाला.

घरी आल्यावर मी आईला यादी वाचून दाखवली. पत्त्यांपाशी आवाज खाली गेला, कारण पत्ते आमच्या घरात येणं शक्यच नव्हतं. आईच्या माहेरी तिच्या थोरल्या काकांनी पत्त्यांवर एक शेत घालवलं होतं, विहिरीसकट. दिवाळीतसुद्धा आमच्याकडे पत्त्यांना बंदी होती. शेजारच्या मुलांनी गॅलरीत डाव मांडला तर आई दार लोटून घ्यायची. "दुसऱ्या कुणाचे तरी यात आले असणार," मी म्हणाले, "उद्या परत देऊन येते." आई बॅगेकडे बघत होती. म्हणाली, "असू दे."

तेराव्याला दुपारी, जेवणं उरकल्यावर, तीन माणसं आली. कुणी ओळखीचं नव्हतं. चपला बाहेर अगदी कडेला काढल्या, सतरंजीच्या टोकाशी बसले. एकाने सांगितलं, "आम्ही सात बावन्नचे."

हे नातं मुंबईच्या लोकलवाल्यांनाच कळेल. गावाचं नाही, जातीचं नाही, कचेरीचं नाही, गाडीच्या वेळेचं. वीस वर्षं एका डब्यात समोरासमोर बसलेली माणसं, पण घराचा पत्ता कुणाला ठाऊक नव्हता. तो त्यांनी बाबांच्या कचेरीतून मिळवला होता. थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग त्यांतला जाड चष्म्याचा गृहस्थ खुंटीकडे बघत शेजारच्याला हळूच म्हणाला, "टेबल तिथेच आहे."

"टेबल?" मी विचारलं.

ते ओशाळले. एकमेकांकडे बघितलं. मग चष्मेवाल्यांनी, आपणच गुन्हा केल्यासारखं, सांगितलं. गाडी सुटली की बाबा ती बॅग आडवी करायचे आणि आठ गुडघ्यांवर ठेवायचे. बोर्डाची बाजू वर. त्यावर मेंढीकोट चालायचं, ते थेट मस्जिदपर्यंत. बाबांच्या बॅगेचं नाव डब्यात टेबल होतं. "टेबल आलं का?" असं ते दारातून येणाऱ्या बाबांना विचारत. उशीर झाला तर म्हणत, "आज टेबल चुकलं." एकदा पावसात गाडी कुर्ल्याला चार तास अडकली, तेव्हा त्याच टेबलावर चौघांनी चार डबे मांडून जेवण केलं. "पैसे लावून नाही हं, वहिनी," ते घाईने म्हणाले. "हरेल त्याने चहा. तोसुद्धा शुक्रवारी."

मला ते सगळं दिसायला लागलं. घरी ज्यांच्या तोंडून दिवसाला दहा वाक्यं निघत नसत, ते बाबा हुकूम बोलतायत. पानं पिसतायत. भिडूला डोळ्याने खुणावतायत. मेंढीकोटात भिडू शेजारी बसत नाही, समोरही नाही, आठ गुडघ्यांच्या त्या चौकोनात तो कर्णावर असतो. बॅगेचं पोट मधोमध का झिजलं, ते बावीस वर्षांनी मला कळलं. बाबांनी त्या वस्तूला नाव का दिलं नव्हतं, तेही. नाव होतं. फक्त ते घरात उच्चारण्यासारखं नव्हतं.

मी आईकडे बघायचं टाळत होते. शेवटी बघितलं. ती भिंतीला टेकून बसली होती.

"यांचा भिडू कोण होता?" तिने विचारलं.

इतका वेळ गप्प बसलेल्या तिसऱ्या माणसाने मान वर केली. पांढऱ्या मिशा, शर्टाच्या खिशाला पेन. "मी, वहिनी."

"चौकटची दश्शी एकदा हरवली होती ना तुमची?"

तो माणूस बघतच राहिला. मेंढीकोटात सगळा खेळ चार दश्शींचा. त्यातली एक गेली की डाव नाही.

"डबा काढताना घरी पडली होती," आई म्हणाली. "ओट्याखाली सापडली. दुसऱ्या दिवशी डबा भरताना मीच परत आत ठेवली."

"सहा-सात वर्षं झाली असतील त्याला," तो म्हणाला. "आदल्या दिवशी आम्ही कागदाच्या चिठ्ठीवर चौकट दहा लिहून खेळलो. दुसऱ्या दिवशी कॅट उघडला तर दश्शी वरच. सगळ्यांत वर. हा त्या पानाकडे बघत बसला. ठाण्यापर्यंत हात लावला नाही. विचारलं तर म्हणाला, घरून आलं."

आई उठली. खुंटीवरून बॅग काढली, चेन ओढली, आतला बोर्ड कडेकडेने सैल करत बाहेर घेतला. चेनच्या कप्प्यातून कॅट काढला. दोन्ही त्या मिशीवाल्यांच्या हातात दिलं. त्यांनी नको म्हटलं नाही. बोर्ड त्यांनी छातीशी धरला होता, शाळेतल्या मुलाने पाटी धरावी तसा.

ते गेल्यावर मी कप उचलले. आई पुन्हा भिंतीला टेकली होती. बॅग सतरंजीवर होती, बोर्ड काढल्यामुळे पोटात खचलेली, आता खरोखरच जु. वा.

"अगं," आई म्हणाली, "त्यांचं ते जरा खुंटीला लाव. सरळ."

मी लावलं. सरळ काही ते राहिलं नाही.